गाडी फक्त मालक चालवील

मला गाडी चालवता येत होती, खिशात लायसन्स होतं आणि गाडीही वाडीच्या तोंडाशी उभी होती. नव्हता तो फक्त परवडणारा विमा. एकवीस वर्षांच्या मुलीला गाडीचा विमा मिळवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे मला कळलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा ट्राम बंद. गिरगावात आमच्या वाडीच्या भिंतीवर रोज नवा मजकूर रंगवलेला असे. तो वाचून मी फोर्टात जात असे, विमा कंपन्यांचे उंबरठे झिजवायला.

गरज का पडली ते आधी सांगते. माझे वडील डॉक्टर होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. आमच्या घराण्यात सगळे पिढीजात कारकून, डॉक्टर झालेले ते पहिले आणि त्याचा आजोबांना फार अभिमान. राहणं गिरगावात असलं तरी भाऊंचा दवाखाना होता लालबागला, गिरण्यांच्या वस्तीत. सकाळी दवाखाना, दुपारी घरोघरच्या भेटी. परळ, डिलाईल रोड, कधी वरळीच्या चाळी. त्यासाठी त्यांनी एक जुनी इंग्रजी गाडी घेतली होती, लढाईच्या आधीची, आणि ती ते स्वतःच चालवत.

त्या वर्षी त्यांची नजर जायला लागली. मोतीबिंदू नव्हता, तो असता तर काढता आला असता. डोळ्याच्या मागच्या पडद्याला आजार झाला होता. त्यात कडेकडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढीच जागा पुसून जाते. त्यांच्या बरोबरीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी यावर उपाय नाही असं त्यांना स्पष्ट सांगितलं. भाऊंनी ते घरी आणून फक्त मला सांगितलं. आईला 'चष्मा बदलायचाय' एवढंच माहीत होतं. मला सांगण्याचं कारण म्हणजे रोज सकाळी पेपर मी त्यांना वाचून दाखवत असे आणि आठ दिवसांपूर्वीच मी विचारलं होतं की तुम्ही हल्ली पेपर हातातसुद्धा का घेत नाही.

दवाखान्यात त्यांचं भागत होतं. नाडी हाताला लागते, छाती कानाला ऐकू येते, पोट बोटांना कळतं. बाटल्या आणि चिठ्ठ्या कंपाउंडर बघत असे. निदान मला तेव्हा असंच वाटत होतं, आणि त्यांनाही वाटत असावं. डॉक्टरला दिसत नाही ही गोष्ट एकदा लालबागात फुटली की दवाखान्याला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. ड्रायव्हर ठेवला तर त्याला दरमहा पगार हवा, आणि ड्रायव्हर म्हणजे दहा जणांच्या घोळक्यात बसून बिडी ओढणारा माणूस. चार दिवसांत सगळ्या चाळींना कळलं असतं. म्हणून मी गाडी शिकले.

भाऊंनीच शिकवली. सकाळी वरळीच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर ते शेजारी बसत आणि आवाजावरून गिअर ओळखत. 'कण्हायला लागली, खाली टाक,' म्हणत. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मला पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावली, हाताच्या सगळ्या खुणा करून घेतल्या आणि मग लायसन्स देताना, 'आता स्वयंपाक कोण करणार?' असं विचारलं. माझा स्वभाव तापट. पण लायसन्स अजून त्यांच्या हातात होतं, म्हणून मी हसले.

विम्याची मुदत संपत आली होती आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा. मी पहिल्या कंपनीत गेले. तिथल्या कारकुनाने कानावरची पेन्सिल काढली आणि एकेक कलम वाढवत नेलं. वय पंचवीसच्या आत, त्याचे जादा. लायसन्स वर्षाच्या आतलं, त्याचे जादा. गाडी जुनी, त्याचे थोडे. मग त्याने विचारलं, 'गाडी दिवसभर कुठे उभी असते?' मी लालबाग म्हटल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली.

'तिथे दंगलीचं कलम वेगळं घ्यावं लागेल,' तो म्हणाला. 'सध्याचे दिवस तुम्हाला माहीत आहेत.'

'मग ते धरून किती?'

त्याने सांगितलं. भाऊ आदल्या वर्षी भरत होते त्याच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्यात ड्रायव्हरसुद्धा ठेवता आला असता.

दुसऱ्या कंपनीत साहेबांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मला वाटलं काम झालं. मग त्यांनी विचारलं, 'लग्न ठरलंय का?'

'त्याचा काय संबंध?'

'असं कसं? लग्न झालं की तुम्ही जाणार, मग गाडी कोण चालवणार, कुठे चालवणार, हे आम्हाला बघायला लागतं. आणि खरं सांगायचं तर मुलींचा आम्हाला अनुभव नाही.'

मी म्हटलं, 'मलाही विमा कंपन्यांचा नव्हता, आता येतोय.' त्यांना ते आवडलं नाही. चहा अर्धा टाकून मी बाहेर पडले आणि जिना उतरताना मला रडू आलं. रागाचंच होतं, पण रस्त्यावरच्या लोकांना ते कसं कळणार?

तिसरी कंपनी लहान होती. त्यांनी परवडेल असा आकडा सांगितला, पण अट घातली की भायखळ्याच्या पुढे गाडी नेली आणि काही झालं तर कंपनी बांधील नाही. भायखळ्याच्या पुढेच आमचा दवाखाना, पेशंट आणि पोट होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग राणीच्या बागेपर्यंत फिरायला जात जा.

हे सगळं मी घरी येऊन भाऊंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, राहू दे, मी ट्रामने जाईन. ट्रामच्या पायरीवर त्यांचा पाय दोनदा चुकलेला मी बघितला होता. शिवाय ट्राम हरताळाच्या दिवशी नसतेच, आणि हरताळाच्या दिवशीच त्यांचे पेशंट वाढत.

अशा वेळी आईने दादरचे काका आणले. हे काका म्हणजे माझ्या मावशीचे धाकटे दीर. विम्याचे एजंट. नात्यातला एजंट ही आपल्या समाजातली एक जबर गोष्ट आहे. त्याला नाही म्हणता येत नाही, त्याला प्रश्न विचारता येत नाहीत आणि त्याने दिलेला कागद त्याच्यासमोर वाचणं म्हणजे तर त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. काका आले, पोहे खाल्ले, मावशीच्या गुडघ्यांची हकिकत सांगितली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तू फोर्टात वणवण करत होतीस? आणि मी काय मेलो होतो?'

मी माझी अडचण सांगितली, डोळ्यांचा विषय टाळून. म्हटलं, भाऊ दमतात, गाडी मी चालवणार.

'अगं, पण हे त्यांना सांगायचं कशाला?' काका म्हणाले. 'एक पॉलिसी असते. गाडी फक्त मालक चालवील, दुसरं कोणी नाही. मालक वयस्क, पंचवीस वर्षांचा अनुभव, एकही अपघात नाही. तिला सूट मिळते. मागच्या वर्षीपेक्षाही कमी पडेल. मग तुला चालवायची तर चालव, कोण बघायला बसलंय? कागद कागदाच्या जागी.'

भाऊ खुर्चीत बसले होते. काकांनी फॉर्म काढला, स्वतःच भरला, आणि भाऊंचं बोट धरून सहीच्या जागी नेलं. भाऊंना ती जागा दिसत नव्हती, पण काकांना वाटलं, चष्मा आत राहिलाय. काकांची भीड, आईचा सुटकेचा चेहरा आणि माझी घाई. भाऊंनी सही केली. त्या वेळी मी एक शब्द बोलले नाही. खरं तर मला आनंद झाला होता.

पंधरा दिवसांनी पॉलिसी पोस्टाने आली. भाऊ म्हणाले, 'वाच.' मी पेपर वाचते तशी वाचत गेले. गाडी फक्त मालक स्वतः चालवील. मग भरलेल्या फॉर्मची नक्कल होती, तीही वाचली. त्यात एक प्रश्न होता, चालवणाऱ्याच्या दृष्टीत किंवा श्रवणात काही दोष आहे काय? काकांनी न विचारताच लिहून टाकलं होतं, नाही. खाली भाऊंची सही होती.

'पुन्हा वाच,' भाऊ म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

भाऊंचा या बाबतीतला स्वभाव समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. गिरणीतली कोकणातली माणसं शिमग्याला, गणपतीला गावी जात आणि चार दिवस जास्त राहून येत. मग गिरणीत दाखवायला आजारपणाचं सर्टिफिकेट लागे. लालबागात ते देणारे डॉक्टर होते आणि त्यांचा त्यावर बरा जम बसला होता. भाऊंनी जन्मात एक खोटं सर्टिफिकेट दिलं नाही. लोक चिडत, शिव्या देत, आणि खरोखर आजारी पडले की त्यांच्याकडेच येत, कारण त्यांच्या सहीचा कागद गिरणीतले साहेब उलटून बघत नसत. त्या सहीवर भाऊंची सगळी ऐट होती.

भाऊंनी कागदांची घडी घातली. मग म्हणाले, 'दोन गोष्टी खोट्या आहेत. डोळ्यांची खरी करता येणार नाही. पण दुसरी येईल. गाडी मी चालवीन.'

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मग मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला समोरचा माणूस दिसत नाही आणि कागदापायी तुम्ही गाडी चालवणार? पॉलिसी परत करा. ते म्हणाले, परत केली तर कारण सांगावं लागेल, काकांची एजन्सी जाईल आणि डोळ्यांचं गावभर होईल. मग म्हणाले, 'कडेचं मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं. समोरचं तू सांग. तू शेजारी असताना काय होणार आहे?'

मी किती भांडले ते आता सांगून उपयोग नाही, कारण शेवटी मी कबूल झाले. माझीही एक मनातली योजना होती. मी दुपारी दोन शिकवण्या धरल्या. पहिल्या कंपनीचा तो तिप्पट आकडा भरता येईल एवढं साठवायचं, माझ्या नावाने खरी पॉलिसी घ्यायची आणि काकांच्या पॉलिसीला मानाने निरोप द्यायचा. पाच-सहा महिन्यांचा प्रश्न होता. तेवढे दिवस रेटायचे असं मी ठरवलं, आणि हे ठरवताना आपण फार शहाण्यासारखं वागतोय असं मला वाटत होतं.

मग आमचं ते विचित्र गाडी चालवणं सुरू झालं. भाऊ उजवीकडे चाकावर, मी डावीकडे. गिरगावातून निघालो की मी बोलायला लागे. 'पुढे बैलगाडी, हळू. बैलगाडी वळली. आता मोकळं. ट्राम थांबलीय, माणसं उतरताहेत, थांबा. चला.' आवाज चढवायचा नाही, घाबरायचं नाही, आणि क्षणभरही गप्प बसायचं नाही. लोकांना वाटे, डॉक्टरांची मुलगी भारी बडबडी. भाऊ माझ्या शब्दाबरोबर ब्रेक दाबत. गाडीवरचा त्यांचा हात इतका सरावाचा होता की दुसऱ्या आठवड्यात मलाच विसर पडायला लागला की यांना दिसत नाही.

आणि मला ते आवडायला लागलं होतं. हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली. घरात माझ्या शब्दाला कधी कोणी किंमत दिली नव्हती. इथे मी 'थांबा' म्हटलं की गाडी थांबत होती. वडील आपल्यावर एवढे विसंबून आहेत याची मला नशाच चढली होती. शिकवण्यांचे पैसे साठत होते, तरी मी पहिल्या कंपनीत एकदाही पुन्हा जाऊन आले नाही. चळवळ जरा थंडावली की दर उतरतील, मग जाऊ, असं मी स्वतःला सांगत होते.

तो दिवस साधा होता. हरताळ नव्हता, दगडफेक नव्हती. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, लालबागच्या रस्त्यावर एक छोटासा मोर्चा समोरून येऊन आमच्या उजव्या बाजूने निघून गेला. पन्नास-साठ बायका होत्या, हातात झेंडे, आणि पुढे माझ्याच वयाची एक मुलगी घोषणा देत होती. तिचा आवाज बसला होता तरी ती देत होती. माझी मान तिच्याबरोबर मागे वळली. किती वेळ? तीन वेळा घोषणा झाली एवढा. तेवढा वेळ मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असा आमचा ठराव होता.

गाडी कशाला तरी लागली, आणि पितळी डबे रस्त्यावर गडगडत गेल्याचा आवाज झाला.

ती खानावळवाली होती. कोकणातली, नवरा वारलेला, चाळीतल्या एका खोलीत गिरणीतल्या वीस-बावीस माणसांना जेवण घालणारी. रिकामे डबे घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडीचा वेग फार नव्हता, पण ती बाजूला फेकली गेली आणि पाय मांडीखाली मुडपला. भाऊ गाडीतून उतरले, आवाजाच्या रोखाने गेले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी तिचा पाय चाचपून म्हणाले, 'मोडलाय. हलवू नका, मी धरतो.' माणसं धावत आली. त्या दिवसांत लालबागात गाडीवाल्याने माणूस पाडला तर काचा शिल्लक राहत नसत. पण डॉक्टर आहेत म्हटल्यावर गर्दी थांबली. दोघा-तिघांनी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. भाऊ पाय धरून तिच्याजवळ बसले आणि परळच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी मी नेली.

म्हणून तिथल्या हवालदाराने गाडी कोण चालवत होतं असं विचारलं तेव्हा मी चाकावरूनच उतरत होते. मी म्हटलं, 'मी.' त्याने लिहून घेतलं. भाऊ आत होते, त्यांना ते ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरचे काका घरी आले, तेही पोहे न खाता. आल्या आल्या मला म्हणाले, 'तू चालवत होतीस असं लिहून दिलंस? मग कंपनी त्या बाईला एक पैसा देणार नाही. भाऊ चालवत होते म्हण. सगळं सरळ होईल.'

भाऊ म्हणाले, 'मीच चालवत होतो.'

काका म्हणाले, 'अगदी बरोबर. असंच सांगा.' त्यांना वाटलं, भाऊंनी लगेच मान्य केलं.

भाऊ माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. मी खोटं का सांगितलं म्हणून. मीही ओरडले. मी म्हटलं, तुम्ही चालवत होता असं म्हटलं की पोलीस डोळे तपासणार, आणि मग दवाखाना संपला. आई दारात उभी राहून ऐकत होती आणि तिला त्या क्षणी सगळं कळलं. ती आत जाऊन बसली. मी चालवत होते असं म्हटलं तर भाऊ वाचत होते आणि त्या बाईची सहा महिन्यांची कमाई, वीस माणसांची खानावळ, सगळं बुडत होतं. हे मला स्वच्छ कळत होतं, आणि तरी मी भाऊंना वाचवायला तयार होते. त्याची मला आजही लाज वाटते.

विम्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते महत्त्वाचं नाही. कंपनीने फॉर्ममधला डोळ्यांचा प्रश्न काढला, त्यावरची सही दाखवली आणि हात वर केले. गाडी विकली. तिचे आणि माझ्या शिकवण्यांचे पैसे त्या बाईकडे गेले. काकांची एजन्सी गेली आणि मावशीचं येणं बंद झालं.

पण ते नंतर. त्या दिवशी दुपारी आम्ही हॉस्पिटलात गेलो, भाऊ, मी आणि काका. बाईचा जबाब घ्यायला पोलीस चौकीवरून एक साहेब आले होते. तिचा पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेला होता. उशाशी तिची दहा वर्षांची मुलगी बसली होती. भाऊ स्टुलावर बसले. साहेबांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं, डॉक्टरांची ही मुलगी का?

'चेडू खयचा चालवता?' बाई म्हणाली. 'डाक्टरच चालवी होते.'

काकांनी सुटकेचा श्वास टाकला.

'डाक्टर सरळ माझ्याकडेच बघी होते,' ती पुढे म्हणाली. 'म्हणान तर मी थांबलंय नाय. मोर्चो गेलो, गाडी येताना दिसली, पण म्हटला डाक्टरांनी माका बघल्यानी हा. ते थांबवतले.'

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती तिचा हिशोब सांगत होती, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. भाऊ थोडे पुढे झुकले. काकांनी मागून त्यांच्या कोटाची बाही ओढली. मी बघितलं, पण मी काकांचा हात धरला नाही आणि भाऊंनाही अडवलं नाही.

'बाई, तुम्ही मला दिसला नाहीत,' भाऊ म्हणाले. 'मी ज्याच्याकडे सरळ बघतो ते मला दिसत नाही. वर्ष होत आलं. साहेब, हे लिहून घ्या. मला हे माहीत होतं आणि तरी मी चालवत होतो.'

साहेबांनी लिहून घेतलं.  मला वाटलं, आता बाई रडेल किंवा बोल लावेल, आणि तिने तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने मुलीचा हात धरून तिला भाऊंच्या समोर जरा पुढे ओढलं.

'मगे आवंदा पावसात हिचो घसो बघलात,' ती म्हणाली, 'बॅटरी मारून. आ कर म्हणालात. तेव्हा तुमका काय दिसला?'

 मला त्यांच्याऐवजी बोलायचं होतं. ताप हाताला लागतो, गाठी बोटांना लागतात, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण प्रश्न मला विचारलेला नव्हता.

'काही दिसलं नाही,' भाऊ म्हणाले. 'अंदाजाने औषध दिलं.'

'बरी झाली ती,' बाई म्हणाली. मुलीचा हात तिने सोडला नाही. 'पण माका सांगूक व्हया होता. मी दुसऱ्याकडे नेलंय असतंय.'

'हो,' भाऊ म्हणाले. मग त्यांनी मला हाक मारली आणि दवाखान्याची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, 'आता उघडायचा नाही. पाटी उतरवून ठेव.'